दोनशे एकावा माणूस

"तुमी लाइट कंपनीत नेमका करतास काय?" काशीरामने जिन्यातच वाट अडवून विचारलं, तेव्हा शरच्चंद्र बर्व्यांच्या एका हातात दुधीभोपळा होता आणि दुसऱ्या हातात रेशनच्या रॉकेलचा डबा. निसटायला वाव नव्हता.

काशीराम तळमजल्यावर राहायचा. संपात गिरणी गेली, आणि तेव्हापासून घाटकोपरच्या पंतनगरमधल्या त्या बिल्डिंगीचा जिना हेच त्याचं खातं झालं होतं. तो एका पायरीवर बसायचा आणि त्याचा मुलगा दत्ताराम, आयटीआय पास, त्याच्या खालच्या पायरीवर.

"मी अर्थशास्त्रज्ञ आहे," बर्वे म्हणाले. "पुढच्या काही वर्षांत कंपनीला किती कामगार लागतील, याचा अभ्यास करतो."

"म्हंजे माणसा घेतास."

"घेत नाही हो. किती लागतील ते फक्त सांगतो."

"मगे, तुमी सांगितल्याशिवाय घेतत काय?"

बर्व्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही घेत."

"तांच म्हणतंय मी! येक वाढवा. येवढ्या मोठ्या कंपनीक माझो येक झील जड होतलो काय?"

दत्तारामने मान खाली घातली. बर्वे भोपळा आणि डबा सावरत वर आले आणि त्यांनी झालेलं बायकोला सांगितलं.

"तुम्ही हो म्हणालात?" मृणालिनीबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग नाही म्हणालात?"

"तसंही नाही."

"झालं! तुम्ही गप्प बसता आणि लोक हो समजतात. आपलं लग्न असंच ठरलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीरामच्या बायकोने, जानकीने, वर घावणे पाठवले. लुसलुशीत होते. बर्व्यांनी एक खाल्ला आणि बशी झाकून ठेवली.

साष्टी वीज कंपनीच्या अंधेरीच्या कचेरीत त्याच आठवड्यात बर्व्यांचा अहवाल टाइप व्हायचा होता. लाइनमन, फिटर, मीटर रीडर धरून नवी माणसं लागणार होती दोनशे. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी आकड्याला कधी बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी लावलं. घाटकोपर विभागासमोर एक वाढवला आणि खाली बेरीज केली दोनशे एक. बेरीज पहिल्या फटक्यात जुळली, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

"बर्वेसाब," फायनान्सच्या चंद्रप्रकाशनी अहवालावरून चष्मा वर केला, "दोनशे समजतं. पण दोनशे एक? ये एक कौन है?"

"घाटकोपरला लोड वाढतोय."

"एका माणसाएवढाच?"

"फ्यूजच्या तक्रारी फार येतात," बर्व्यांनी आयुष्यातली दुसरी थाप मारली. पहिली अजून समोर टेबलावर पडली होती.

थाप टायपिस्टच्या खोलीतून कॅन्टीनमध्ये आणि कॅन्टीनमधून युनियनच्या बाळा पेडणेकरपर्यंत पोचायला एक जेवणाची सुट्टी पुरली. संध्याकाळी बाळाने गेटसभा घेतली. "घाटकोपरला एक जादा! आणि मुलुंडकर काय मेणबत्तीवर राहतात?" मुलुंडने एक मागितला. विलेपार्ल्याने पार्ल्याचा वेगळा एक मागितला. बोरिवलीने दोन मागितले, कारण बोरिवली लांब आहे. मुलुंडच्या लाइनमननी काळ्या फिती लावल्या, त्या बघून घाटकोपरच्या लोकांनीही लावल्या. आपण कशाचा निषेध करतोय, हे त्यांनी बाळाला नंतर विचारलं.

व्यवस्थापन घाबरलं. आकड्यांची फेरतपासणी करायला समिती नेमण्यात आली आणि तिचा अहवाल येईपर्यंत सगळी भरती बंद झाली. सगळी म्हणजे दोनशेच्या दोनशे. समितीचे अध्यक्ष चंद्रप्रकाश झाले आणि चिटणीस म्हणून बर्व्यांना घेतलं, कारण या विषयातलं त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं.

बर्वे जिन्यावरून मान खाली घालून येऊ-जाऊ लागले. काशीराम मात्र रोज उठून उभा राहायचा. "घाई नाय, सायबानु," म्हणायचा. ते ऐकण्यापेक्षा त्याने चार शिव्या दिलेल्या बऱ्या, असं बर्व्यांना वाटायचं.

समितीला जुन्या स्टोअरमधली एक खोली मिळाली आणि पहिल्याच बैठकीत प्रश्न आला, चहा कोण आणणार? विभागातला शिपाई हलवायला युनियनतर्फे समितीवर बसलेला बाळा तयार नव्हता. "हमारा आदमी कहीं नहीं जाएगा," त्याने चंद्रप्रकाशना त्यांच्याच भाषेत सांगितलं.

"मग बाहेरून कोणीतरी रोजंदारीवर घ्या," चंद्रप्रकाश वैतागून म्हणाले. "समिती असेपर्यंतच. कोणी आहे का ओळखीत?"

बर्व्यांना आपलाच आवाज ऐकू आला. "आहे एक."

दत्ताराम कामाला लागला. मोटर वाइंडिंग शिकलेला तो मुलगा मन लावून कप विसळायचा.

पाच-सहा महिन्यांनी काशीराम इस्त्रीचा शर्ट घालून वर आला. हातात पेढे होते.

"दत्तारामाचा लग्न ठरला. चेडू देवगडचा. चंपा नाव."

बर्व्यांनी पेढा हातातच धरला. "काशीराम, मुलीकडच्यांना सांगितलंत ना? त्याची नोकरी समिती असेपर्यंतच आहे."

"सांगितलंय तर! समिती आसा तोपर्यंत नोकरी आसा." काशीराम समाधानाने हसला. "आणि समिती कधी मरता काय, सायबानु?"

पुढच्या बैठकीत अहवाल पुरा होऊन टेबलावर आला. दोनशे माणसं लागणारच, भरती ताबडतोब सुरू करावी, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. बर्व्यांनीच लिहिलं होतं. खाली गेटपाशी भरतीची चौकशी करायला आलेली पोरं सर्टिफिकिटांच्या गुंडाळ्या डोक्यावर धरून उन्हात उभी होती. दत्तारामने सगळ्यांपुढे चहा ठेवला. चंद्रप्रकाशनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं.

"एक मिनिट," बर्वे म्हणाले. त्यांनी कोणाकडेही पाहिलं नाही. "देवनारची पाहणी मला जरा अपुरी वाटते."

चंद्रप्रकाशनी टोपण परत लावलं. "अच्छा. पुढच्या महिन्यात बघू."

"दत्ताराम," बर्वे म्हणाले, "खाली त्या मुलांना सांगून ये. भरती अजून नाही म्हणावं."

दत्ताराम गेला. थोड्या वेळाने खिडकीतून त्याचा आवाज वर आला. इतका मोठा आवाज बर्व्यांनी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "ए, गर्दी करू नका! वर साहेब लोक तुमचाच अभ्यास करतायत!"

पोरं निमूटपणे पांगली. बर्व्यांनी उठून खिडकी लावून घेतली.