मॅडमना रस नाही

एखादी गोष्ट समोरच्याच्या गळी उतरवावी तर ती मीच! हे लोक म्हणतात. म्हणजे, लोकांच्या वतीनं मीच म्हणतो. पण नोकरीच तशी आहे. नळ बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात मी बसतो. कानांवर हेडफोन, तोंडापुढे माईक आणि पलीकडे कुणीतरी गळक्या नळाखाली बादल्या बदलत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतं. अशा माणसाशी मी गोड आवाजात बोलू लागतो. माझं बोलणं संपेपर्यंत नळ गळायचा थांबत नाही, पण माणूस उकळायचा थांबतो.

त्यामुळे विभागात 'ग्राहक-संवाद प्रमुख' अशी नवी जागा निघाल्यावर ती कुणाला मिळणार हा प्रश्नच नव्हता. शेजारच्या टेबलावरचा सहकारी होता म्हणा स्पर्धेत. पण तो कुणी काहीही विचारलं तरी "वायसर बदला" एवढंच सांगतो, म्हणून त्याचं नावच वायसर पडलंय. त्याला कोण प्रमुख करणार! मी मनातल्या मनात नव्या खुर्चीची उंचीसुद्धा जुळवून ठेवली होती. फक्त विभागाच्या बॉस असलेल्या मॅडमनी येऊन विचारायचा अवकाश.

आमच्या घरीही एक मॅडम आहेत. वय दहा महिने. माझी मुलगी. ऑफिसातल्या मॅडम आणि ह्या, दोघींची कामाची पद्धत एकच: समोर आलेली वस्तू पसंत नसली की ढकलून द्यायची आणि आपल्याकडे रोखून बघत राहायचं. म्हणून आम्ही सगळे तिला मॅडमच म्हणतो, तेही अहोजाहो करून!

मागच्या आठवड्यात मॅडमना घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो होतो. मी, बायको आणि माझी आई. तपासणी झाली, वजन झालं आणि आईनं बरेच दिवस दाबून ठेवलेला प्रश्न बाहेर काढला.

"आता हिला रस सुरू करू ना?"

"वर्ष होईपर्यंत ज्यूस नको," डॉक्टर म्हणाल्या. "फळ द्या. मऊ करून, कुस्करून. ज्यूसमध्ये चोथा जातो आणि गोडवा तेवढा उरतो. वर्षानंतरही द्यायलाच हवा असं नाही. दिलात तर थोडासा, जेवणाबरोबर आणि कपातून. बाटलीत भरून दिवसभर तोंडात ठेवायचा नाही, दात किडतात."

"म्हणजे फळ चालतं, पण फळातलं पाणी चालत नाही?"

"बरोबर."

"ह्याला तर मी तिसऱ्या महिन्यापासून पाजला! ह्याला झालं का काही?"

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बायको खिडकीकडे तोंड करून खोकायला लागली. तो खोकला नव्हता, हे मी नवरा असल्यामुळे ओळखलं.

घरी येताच आईनं निकालाचा अर्थ लावला. "ज्यूस नको म्हणाल्या त्या. बरोबरच आहे! ज्यूस म्हणजे डब्यातला. मी रस म्हणतेय. रस वेगळा!" आणि तिनं कपाटावरून ज्यूसर खाली काढून पुसायला घेतला. त्या ज्यूसरला ती 'रसाचं यंत्र' म्हणते, त्यामुळे तोही बंदीत बसत नव्हता.

सोमवारी बायकोची रजा संपली. दहा महिन्यांनी ती पहिल्यांदा कामावर निघाली होती. चप्पल घालून दारात उभी राहिली आणि तिचा पाय काही उंबऱ्याबाहेर पडेना.

"बाकी सगळं मी करून ठेवलंय," ती म्हणाली. "कपडे, वाट्या, झोपेच्या वेळा. तुझ्याकडे एकच काम. तो रस तेवढा सांभाळ. नाहीतर माझं तिथं लक्ष लागायचं नाही रे." तिचा आवाज जरा ओला झाला होता. मलाही गलबलून आलं.

"तू बिनधास्त जा! आईला समजावणं माझ्याकडे लागलं. समजावणं हा तर माझा धंदा!"

"ते असू दे. पण ज्यूस म्हणू नकोस. ज्यूस म्हणालास की आई निसटतात. रस म्हण. अगदी स्पष्ट."

"रसच म्हणीन!"

हा शब्द मी पाळला. तिथंच सगळं बिघडलं!

दुपारी ऑफिसात आईचा फोन आला. खासगी फोन हेडफोनवर घ्यायला आमच्याकडे बंदी आहे. पण हेडफोन लावून बोलणारा माणूस लांबून कामातच दिसतो, हा त्या वस्तूचा मोठा गुण. मी मोबाईल हेडफोनला जोडला. हेडफोन उत्तम प्रतीचा आहे. पलीकडचा श्वासही ऐकू येतो, आणि अलीकडे कुणी ढोल वाजवला तरी कळत नाही.

"अरे, वरच्या मजल्यावरच्या ताईंनी संत्री आणून दिली," आई म्हणाली. "काय रसरशीत आहेत! मॅडम टक लावून बघतायत. देऊ दोन घोट?"

"नाही."

"ज्यूस नाही रे, रस!"

"रस नाही म्हणजे नाही!" मी ठणकावलं. "वर्ष होईपर्यंत विषयच काढायचा नाही!"

याच वेळी, असं मला मागाहून कळलं, ऑफिसातल्या मॅडम माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. आणि हसतमुखानं त्यांनी नुकतंच विचारलं होतं, "काय, प्रमुखाच्या जागेत रस आहे ना तुम्हाला?"

"अरे, पण मॅडमना किती वाईट वाटेल!" कानात आई म्हणाली.

"वाटू दे! मॅडम म्हणतील ते सगळं ऐकायचं का? वर दोन दात काय आले, लगेच डोक्यावर बसवायचं?"

"तोंड वेडंवाकडं करायला लागल्यात बघ."

"करू दे! दुसरं येतंय काय त्यांना? हातात एक खुळखुळा द्यायचा आणि पालथं घालायचं, होतात गप्प!"

"आणि वर्षानंतर?"

"वर्षानंतर बघू. तेव्हाही एकदम नाही. आधी दोन चमचे, जेवणाबरोबर. सोसतंय का ते बघायचं आणि मग पुढचं!"

"बरं, तू ठेव आधी," आई म्हणाली. काम फत्ते! मी हेडफोनचं बटण दाबून तो गळ्यात अडकवला. आता एक खुलासा. आमची आई फोन कधीच स्वतःहून ठेवत नाही. फोन स्पीकरवर टाकते, जेवणाच्या टेबलावर उभा करते आणि "तू ठेव आधी" म्हणून कामाला लागते. आणि हेडफोनला दोन बटणं आहेत. एक फोन बंद करायचं, दुसरं आवाज मोठा करायचं. मी कुठलं दाबलं हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

मान वळवून पाहतो तर सगळा विभाग माझ्याकडे बघतोय. वायसरचा तर आ वासलेला!

"तू मॅडमना पालथं घालायला सांगितलंस?" त्यानं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"हो, मग? पोटावर घातलं की शांत होतात त्या."

वायसर खुर्चीसकट मागे सरकला. "अरे, त्या इथं होत्या! तुझ्यामागे! त्यांनी विचारलं, जागेत रस आहे का. तू म्हणालास, नाही म्हणजे नाही. मग त्यांचे दात काढलेस. मग खुळखुळा..."

पुढचं मी ऐकलं नाही. पायांखालची जमीन सरकली म्हणतात ती अशी, आणि ती सरकत सरकत मला थेट मॅडमच्या केबिनमध्ये घेऊन गेली.

"मॅडम! चुकलं माझं!" मी दारातूनच ओरडलो. "रस आहे! कोण म्हणतं रस नाही? मघाशी बोललो ते सगळं विसरा!"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "वर्ष होईपर्यंत विषय काढायचा नव्हता ना?"

"कसलं वर्ष न् काय! आजपासून सुरू! आत्तापासून!"

"नक्की? की दोन चमच्यांनी सुरुवात करायची?"

"चमचे कसले मोजायचे, मॅडम! भरपूर होऊ दे! सगळं पचेल! मी सांगतोय ना!"

मग मी हात जोडून खरा प्रकार सांगायला घेतला. की पालथ्या घालायच्या मॅडम त्या तुम्ही नव्हे, आमच्या घरी आणखी एक मॅडम आहेत, त्या अजून रांगतात. मॅडमच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. ओठांचा एक कोपरा हलला. आता जमतंय असं वाटतंय तोच...

घर्रर्रर्र!

"तुमच्या गळ्यातून कसला आवाज येतोय?" मॅडम दचकून म्हणाल्या.

मी खाली पाहिलं. गळ्यातल्या हेडफोनवर हिरवा दिवा लुकलुकत होता. फोन चालू! मी 'भरपूर होऊ दे' म्हणालो तेव्हाही चालू! "मॅडम, चुकलं माझं" म्हणून मी कुणाची माफी मागितली, असं तिकडे टेबलापाशी वाटलं असेल? डोळ्यांपुढे बायको आली, दारात चप्पल घालून उभी असलेली.

"आई! यंत्र बंद कर!" मी स्वतःच्या छातीकडे बघून ओरडलो. मॅडम खुर्चीतून उठल्या आणि खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

घरघर थांबली. आईचा लाडिक आवाज केबिनभर घुमला. आवाज मोठा करणारं बटण मी दाबलंच होतं ना! "या मॅडम, उघडा तोंड! बाबानं माफी मागितली बरं का! भरपूर होऊ दे म्हणालाय!"

"आई, नको! रस नको!"

"अरे, मघाशी नाही, मग हो, आता परत नाही? एका तोंडानं काय ते बोल बाबा! हं मॅडम, आ..."

ठप्प! मग काहीतरी सांडलं. मग फोन गुळण्या केल्यासारखा बुडबुडला. आणि अगदी शेवटी आईचा थक्क झालेला आवाज: "अगं बाई! अरे, हिला रसच नाही!"

फोन बंद पडला.

मला फक्त एवढंच कळायला हवं होतं की एखादा घोट आत गेला की नाही. परत फोन लावला, लागेना. मॅडम हळूच खुर्चीवर बसल्या आणि एक वाक्य बोलल्या. ते शेवटी सांगतो. इतक्यात सांगायची हिंमत नाही.

ऑफिस सुटताच धावत घरी आलो. मॅडम जमिनीवर बसून कुस्करलेलं केळं खात होत्या. थोडं तोंडात, बाकीचं कानात. आई साडी बदलून मोबाईल तांदळाच्या डब्यात खुपसत होती.

"गेला?" मी धापा टाकत विचारलं.

"कोण?"

"रस! पोटात!"

"थेंबसुद्धा नाही," आई फणकाऱ्यानं म्हणाली. "कप जवळ नेला तर असा हात मारला की सगळा फोनच्या पोटात गेला. थोडा माझ्या साडीच्या. दोन वेळा बोटानं लावून बघायला गेले, तर तोंडच मिटून घेतलं. तुझी मुलगी शोभते. लहानपणी तूही तसाच होतास, निम्मा अंगावर सांडायचास."

माझा जीव भांड्यात पडला. दिलेला शब्द राखला गेला होता! मी राखला नव्हता, मॅडमनी राखला होता. पण बाप-लेकीत एवढा हिशेब कोण ठेवतो! मी छाती पुढे काढून दारात उभा राहिलो, तोच बायको आली. आल्या आल्या तिनं लेकीला उचललं, घट्ट धरलं आणि डोळे मिटून तिच्या केसांत नाक खुपसलं.

"थेंबसुद्धा दिला नाही!" मी जाहीर केलं. "समजावलं आईला!"

"खरंच?" बायकोचा चेहरा असा उजळला की मला घटकाभर वाटलं, हे आपणच केलंय. मग तिनं मॅडमच्या केसांतून काहीतरी चिमटीत धरून वर काढलं. संत्र्याची बी!

मी छताकडे पाहिलं. आईनं तांदळाकडे. पण आईच्या पोटात काही राहत नाही. दोन मिनिटांत सगळं बाहेर आलं: ठणकावणं, माफी, भरपूर होऊ दे, गुळण्या.

"म्हणजे आई, तुम्ही याचं ऐकलंत?" बायकोनं विचारलं.

"ऐकलं ना! म्हणून तर हे झालं!"

बायको हसत सुटली. हसता हसता डोळे पुसले, आणि ते पुसणं सगळंच हसण्याचं नव्हतं. "उद्यापासून काही विचारायचं असेल तर मला फोन करा," ती आईला म्हणाली. "ह्याला नको."

"बरं बाई. पण तू तरी ज्यूस म्हण. त्या रसात फार गोंधळ आहे."

मग बायको माझ्याकडे वळली. "आणि त्या नव्या जागेचं काय झालं? विचारलं का मॅडमनी?"

"विचारलं."

"मग? देणार तुला?"

"वायसरला दिली," मी म्हणालो. "मला म्हणाल्या, वर्ष होऊ द्या, मग बघू."

"वर्षानंतर तरी नक्की ना?"

मी लेकीच्या कानातलं केळं काढायच्या निमित्तानं खाली वाकलो.

"हो. पण एकदम नाही. आधी दोन चमचे."