निरंक भूकंप

सन २०१८च्या हिवाळ्यात डहाणू-तलासरीची जमीन हलू लागली. हे तिने कोणाच्याही पूर्वपरवानगीशिवाय केलं, याचं तालुक्यातल्या एका कचेरीला फार वाईट वाटलं. अर्जांचा पाऊस पडला. ते टाइप करून संगणकात ठेवायचं काम कंत्राटी ऑपरेटर रूपेशकडे होतं.

वरून ताडपत्र्या मंजूर झाल्या होत्या. ज्यांची घरं राहण्याजोगी उरली नाहीत त्यांचे अर्ज तेवढे निवडायचे होते. आता इतक्या फायली उघडून वाचणार कोण? रूपेशने छाती फुगवून सांगितलं की वाचायची गरजच नाही. शब्द उभ्या दांडीने जोडून द्यायचे, दांडी म्हणजे 'किंवा'; त्यातला एक जरी सापडला तरी यंत्र ती फाईल काढून देतं. त्याने 'भूकंप|धक्का|हादर|हलल' असं लिहून बटण दाबलं. जवळजवळ सगळेच अर्ज बाहेर आले.

कचेरीच्या साहेबांचा चेहरा पडला. एवढं नुकसान म्हणजे पाड्यापाड्यावर पाहणीला जाणं आलं, आणि तेही कासा गावाच्या पलीकडच्या त्या रस्त्यांवरून! तेव्हा खोटे अर्ज गाळणं भाग होतं. प्यायलेल्याला जमीन हलल्यासारखी वाटतेच, म्हणून 'दारू' असलेले अर्ज वगळा. चारोटीच्या हायवेवरच्या ट्रकनेही घर थरथरतं, तो विषय रस्तेवाल्यांचा, 'ट्रक' वगळा. 'सुरुंग' खाणवाल्यांचा, तोही वगळा. रूपेशने याही शब्दांत दांड्या घातल्या. ओळ अशी काही देखणी जमली की फोटो काढून त्याने मित्रांना पाठवला.

या खेपेला एकही अर्ज निघाला नाही.

निघणार कसा? खिडकीवरच्या प्रवीण कारकुनाचा दंडक होता: 'आम्ही दारू प्यायलो नव्हतो, ट्रक गेला नव्हता, सुरुंग लावला नव्हता' एवढं लिहून आणल्याशिवाय अर्जाला हात लावायचा नाही. लोकांनी बिचाऱ्यांनी निमूट लिहून आणलं होतं. रूपेशनेच ते टाइप केलं होतं, त्यामुळे गोम त्याच्या ध्यानात आली. पण कंत्राट संपत आलं होतं, म्हणून त्याने तोंडाला कुलूप लावलं. अहवाल गेला, निरंक. ताडपत्र्यांचा टेम्पो आला तसा परत गेला.

मग पाड्यावरची सुकी विचारायला आली. तिच्या सरकारी घरकुलाची भिंत फाटली होती, आणि नुकतीच बाळंत झालेली सून पुतळी तान्ह्याला घेऊन थंडीत अंगणात झोपत होती. रूपेशने स्क्रीन तिच्याकडे वळवला.

"मावशी, तुझं नाव निघत नाही."

"अर्ज इथंच घेतला ना रे?"

"घेतला. पण त्यात दारू आहे, ट्रक आहे, सुरुंग आहे."

"नव्हता, असं लिवलंय."

"'नव्हता' शोधायला साहेबांनी सांगितलं नाही."

सुकी उठून गेली. त्याच आठवड्यात भिंत कोसळली. खाली कोणी नव्हतं, सगळे बाहेर कुडकुडत होते. तान्ह्याच्या छातीत मात्र थंडी भरली, आणि जीपने कासाच्या दवाखान्यात नेईपर्यंत ते गेलं. साहेबांना खरंच हळहळ वाटली. पण थंडी हा विषय आरोग्यवाल्यांचा.

अहवालाची पेपरात चार ओळींची बातमी आली. तुमच्याही नजरेखालून गेली असेल. 'भूकंप' दिसला म्हणून तुम्ही थांबलात, 'नुकसान नाही' दिसलं म्हणून पान उलटलंत. काय वगळायचं ते यंत्राला निदान साहेबांनी सांगितलं होतं. तुम्हाला कोणी सांगितलं होतं?