मूळपुरुष जिनेश

"तासाभराचं काम आहे हो, काकासा!" पलकने फोनवर छाती ठोकून सांगितलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

पलक जळगावला पीएच.डी. करत होती. विषय होता झाडं. आंबा-लिंबाची नव्हेत, कॉम्प्युटरच्या पोटातली. हजारो नावं साठवायची तर ती फांद्याफांद्यांनी कशी मांडावीत, म्हणजे हवं ते नाव चुटकीसरशी सापडेल, या प्रश्नावर तिने आयुष्याची चार वर्षं घातली होती. "या झाडांचं मूळ वर असतं आणि पानं खाली," असं तिने एकदा दिवाळीत धुळ्याच्या घरी समजावून सांगितलं होतं. तेव्हा अभयकुमार काकासा "अच्छा, अच्छा" म्हणाले, आणि आत जाऊन काकीसांना हळूच म्हणाले, "पोरीला जरा बदामाचा शिरा करून घाल."

पण आता त्याच काकासांना झाड हवं होतं! पणजोबा रुपचंदजी राजस्थानातून धुळ्याला आले त्याला येत्या जानेवारीत शंभर वर्षं होत होती. सतरा वर्षांचा पोरगा, खांद्यावर कापडाची चार ठाणं, हातात पितळी लोटा. त्या चार ठाणांचं दुकान झालं आणि त्या एका पोराची चौऱ्याऐंशी माणसं झाली. काकासांनी सगळ्या घराण्याला धुळ्यात मंगल कार्यालयात जेवायला बोलावलं होतं, आणि स्टेजवर त्यांना बारा फुटांचा वंशवृक्ष हवा होता.

"पेंटरकडून करून घेऊ का?" त्यांनी विचारलं.

"पेंटर? काकासा, घरात झाडांची संशोधक असताना?"

काकासांनी नात्यांची जुनी वही जळगावला पाठवली. पलकने चौऱ्याऐंशी नावं आपल्या संशोधनाच्या प्रोग्रॅममध्ये भरली, बटण दाबलं, आणि एका सेकंदात देखणं, डौलदार झाड तयार झालं. दोन्ही बाजू अगदी सारख्या! तिला स्वतःच्याच हुशारीचं कौतुक वाटलं. नावं वाचायची तसदी तिने घेतली नाही. सुताराने केलेल्या खुर्चीवर सुतार स्वतः बसून बघतो का? तिने फाइल धुळ्याच्या फ्लेक्सवाल्याला पाठवली आणि पुन्हा आपल्या शोधनिबंधात बुडी मारली.

समारंभाच्या दिवशी एसटी पारोळ्याला वडापावसाठी थांबली आणि पुढे मुकटीच्या अलीकडे पंक्चर झाली. पलक कार्यालयात पोचली तेव्हा साडेअकरा वाजले होते. दारातूनच टाळ्या ऐकू आल्या. स्टेजवर पडदा नुकताच सरकला होता, आणि घराण्याचे सर्वांत वडील जावई, नव्वदीचे, स्टुलावर चढून मूळपुरुषाच्या नावाला हार घालत होते. त्यांना दिसत फार कमी. सजावटवाल्याने सगळ्यात वरच्या नावावर खिळा ठोकून ठेवला होता, तो त्यांनी हाताने चाचपला आणि झेंडूचा टपोरा हार लटकवला. पुन्हा टाळ्या! अनुजने, म्हणजे पलकच्या धाकट्या भावाने, फोटो काढून घराण्याच्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

स्टूल धरून उभे होते निंबानाना. पन्नास वर्षं दुकानात कापड मोजलेला माणूस. मीटर, वार, हात, सगळं नजरेनं ओळखणारा. त्यांनी मान वर केली आणि टाळ्यांच्या मध्येच मोठ्यानं म्हणाले, "हाई काय शे, शेठ? बठ्ठं उलटं शे!"

पलकने वर पाहिलं. हाराच्या आत ठळक अक्षरं होती: जिनेश.

जिनेश म्हणजे काकासांचा मुलगा. वय सत्तावीस. त्याच्याखाली दोन फांद्या. डावीकडे अभयकुमार, म्हणजे त्याचे वडील. उजवीकडे मोहनबाई, म्हणजे रुपचंदजींची मुलगी, काकासांची आत्या, ब्याऐंशी वर्षांच्या मोहनभुआ. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा थाट, ते रुपचंदजी? ते अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, फ्लेक्सच्या दोरीच्या भोकाला खेटून बसले होते, लग्नात जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखे!

पलकच्या लख्ख ध्यानात आलं. तिचा प्रोग्रॅम बाप-मुलगा ओळखतच नव्हता. तो नावं बाराखडीनं लावायचा, एका नावाखाली दोनच नावं ठेवायचा, आणि एक बाजू जड झाली की झाडाला गिरकी द्यायचा. गिरकी दिली की खालचा वर आणि वरचा खाली. नावांच्या यादीत बरोबर मध्यावर 'ज' आला, म्हणून जिनेश घराण्याच्या डोक्यावर बसला!

"पलक," काकासा अगदी शांतपणे म्हणाले. त्यांचा हा आवाज गिऱ्हाइकानं धुतलेली साडी परत आणली की यायचा. "बेटा, मी माझ्या मुलाचा मुलगा कधी झालो?"

"काकासा, शास्त्रीयदृष्ट्या झाड बरोबर आहे..."

एवढ्यात काकासांचा फोन वाजला. दीपनगरहून मावसभाऊ हुंदके देत होता. "अभय, हे कसं झालं रे? काल तर स्टेटसवर दिसला जिनेश!"

"काय झालं जिनेशला?"

"फोटोला हार..."

"अरे फोटो नाही, नाव आहे! आणि जिनेश इथेच आहे, मठ्ठा पितोय!"

फोन ठेवतात तो दुसरा वाजला, मग तिसरा. जिनेशचाही वाजायला लागला. तो बिचारा प्रत्येकाला सांगत होता, "नाही हो, मीच बोलतोय. हो, मीच. आता कशी खात्री पटवू?" एका आत्याने तर त्याला "तू फोन ठेव, घरातल्या मोठ्या माणसाला दे," असं बजावलं.

आणि नेमकं याच वेळी भुसावळचे पाहुणे आले!

हे मात्र काकासांनी कोणाला सांगितलं नव्हतं. भुसावळच्या योगेंद्रजींची मुलगी रुची जिनेशसाठी सांगून आली होती. घराणं एकदम बघून होईल, म्हणून त्यांना आजच बोलावलं होतं. योगेंद्रजी भांड्यांचे व्यापारी. कुठलीही वस्तू दोनदा वाजवून घेणारे. ते स्टेजपुढे उभे राहिले, चष्मा पुसला, आणि बायकोच्या कानात त्यांना वाटलं तेवढं हळू नव्हे अशा आवाजात म्हणाले, "मुलाला दोन मुलं आहेत."

"अगं बाई!"

"मुलाला आजोबांचं नाव ठेवलंय, अभयकुमार. मुलीचं नाव मोहनबाई."

"पण वर हार कसला?"

योगेंद्रजींनी पुन्हा चष्मा पुसला. "मुलगा वारलेलाही आहे," ते म्हणाले.

मागे उभ्या असलेल्या रुचीने हसू दाबता दाबता पदरात तोंड खुपसलं. पण तिचे वडील हसण्यातले नव्हते. ते सरळ चपलांकडे वळले. काकासा मागे धावले, पलक काकासांमागे धावली. "योगेंद्रजी, कॉम्प्युटरची चूक आहे!" "अहो, कॉम्प्युटर चूक करत नाही, असं टीव्हीवर सांगतात!" "मग माझी चूक आहे," पलक म्हणाली. "मी दुरुस्त करते. पाच मिनिटं!"

पण दुरुस्त कशावरून करणार? नात्यांची वही जळगावला होस्टेलच्या कपाटात. मोबाईलमधल्या फाइलीत कोण कुणाचा, याचा मागमूस नाही. चार वर्षं झाडांवर डोकं झिजवलेली मुलगी स्वतःच्या घराण्यात हरवली होती. तिला आठवलं, लहानपणी उन्हाळ्यात धुळ्याला आली की ती दुकानातल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर लोळायची, आणि कोण आलं, कोण गेलं, कोण कुणाचा, हे कुणीच तिला सांगितलेलं नसताना सगळं ठाऊक असायचं. आता नावं होती, आणि ठाऊक काही नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"ते कापड उतरवा आधी," पहिल्या रांगेतून आवाज आला. मोहनभुआ! त्या नरडाण्याहून सकाळच्या गाडीनं आल्या होत्या आणि इतका वेळ निवांत सुपारी कातरत होत्या. "माणसं एवढी जमलीत, आणि झाड कापडावर कशाला? माणसांनाच उभं करा. निंबा, खुर्च्या हलव."

मग काय! भुआंनी स्टेजखाली मधोमध एक रिकामी खुर्ची ठेवायला लावली, जिनेशचा हार काढून तिच्यावर ठेवला. "हे बाबूजी. आता थोरला, चंपालाल. तो गेला, खुर्ची ठेवा. चंपालालचे कोण कोण? अभय, ये. मागे उभा राहा. अभयची पोरं? त्याच्या मागे. आता चंपालालचा दुसरा, पलकचा बाप..." एक फांदी शेवटच्या तान्ह्या बाळापर्यंत नेऊन पोचवल्याशिवाय त्या दुसरीला हात लावत नव्हत्या. मग मागे येऊन पुढची फांदी. पलक बघत राहिली. तिच्या पुस्तकांत ही रीत आहे. भुआ कागदाशिवाय, सुपारी चघळत, ती चालवत होत्या!

फक्त भुआंच्या रीतीला थांबे फार होते. प्रत्येक नावाशी गोष्ट. "चंपाभाऊ दर राखीला मला न्यायला नरडाण्याला यायचा. गाडी दोन तास उशिरा असली तरी एसटी स्टँडवरच बसायचा, घरी यायचा नाही. बहिणीच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणायचा. तहानेनं ओठ कोरडे, आणि डब्यात माझ्यासाठी घेवर!" कुणी म्हणालं, दुकानात नवा माल आला की कोऱ्या कापडाच्या खळीचा वास गल्लीभर जायचा. कुणाला शिंदखेड्याच्या बैलगाडीत कापसावर झोपून केलेला प्रवास आठवला. निंबानानांनी सांगितलं, रुपचंदशेठ कापड मोजून झालं की वर चार बोटं जास्त सोडायचे. ती चार बोटं नाना अजून सोडतात. काकासांना हे पहिल्यांदाच कळलं! पण आज त्यांनी नुसते डोळे पुसले.

होता होता सगळं कार्यालय फांद्यांनी भरलं. माणसं खांद्याला खांदा लावून उभी, मध्ये मध्ये रिकाम्या खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांना कुणी धक्का लावत नव्हतं.

"भुआ, तुम्ही कुठं?" पलकने विचारलं.

भुआ अडखळल्या. पहिल्यांदाच. "मी? मी नरडाण्याच्या झाडातली गं. लेकी जातात."

निंबानानांनी एक खुर्ची उचलली, चंपालालच्या रिकाम्या खुर्चीला चिकटवून ठेवली. "मोहनअक्का, तू आठेच बस. तू बी ह्याच घरनी शे."

भुआ बसल्या. शेजारच्या खुर्चीच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

शेवटी डोळे टिपून त्यांनी जिनेशकडे बोट दाखवलं. "अभयचा जिनेश. याच्या मागे कोण?"

"कोणी नाही," जिनेश घाईघाईनं म्हणाला, भुसावळच्या पाहुण्यांकडे बघत. "अजून कोणीच नाही!"

दाराशी चप्पल हातात घेऊन उभ्या असलेल्या योगेंद्रजींनी चप्पल खाली ठेवली. एवढ्यात रुचीचं इतका वेळ दाबलेलं हसू फुटलं, आणि जिनेशही हसला, आणि पुढचं मोठ्या माणसांना ठरवायचं उरलं नाही.

जेवणाच्या पंगतीत योगेंद्रजी पलकच्या शेजारी येऊन बसले. पलकने मान खाली घातली.

"तुम्ही झाडांवरच पीएच.डी. करता ना?" त्यांनी विचारलं.

"हो," पलक पुटपुटली.

"आमच्याही घराण्याचा वंशवृक्ष करायचाय. भुसावळला या ना."

पलकचा चेहरा उजळला. "नक्की येते! लॅपटॉप घेऊनच येते."

"लॅपटॉप राहू द्या," योगेंद्रजी जिलबी मोडत म्हणाले. "येताना भुआंना घेऊन या."