पासवर्ड न मागता केलेली लिंक

विमा कचेरीत हेडक्लार्क असलेल्या माणसाने घरात कुणाकडे परवानगी मागू नये, असं जावईबापूंचं ठाम मत होतं. (बायकोपुढे ते अजून मांडलं नव्हतं, एवढंच.) पण घरातल्या कॉम्प्युटरच्या अ‍ॅडमिन होत्या सासूबाई. मागे एकदा जावईबापूंनी फुकट मिळतोय म्हणून कसलासा सफाईचा प्रोग्रॅम टाकला आणि कॉम्प्युटर आठवडाभर परक्या भाषेत बोलत राहिला. तेव्हापासून पासवर्ड सासूबाईंच्या ताब्यात होता.

रविवारी सकाळी त्यांनी फर्मान काढलं, "जावईबापू, तुमच्या पक्ष्यांच्या फोटोंनी सी ड्राइव्ह तुडुंब भरलाय. संध्याकाळपर्यंत हलवा, नाहीतर मी सगळे पुसून टाकीन."

हलवले असते हो, पण फोटो बघायचा प्रोग्रॅम महाहट्टी. जुनी जागा सोडून दुसरीकडे बघायलाच तयार नाही! इंटरनेटवर तोडगा सापडला: फोटो डी ड्राइव्हवर न्यायचे आणि जुन्या जागी सिम्बॉलिक लिंक ठेवायची. म्हणजे दुकान हललं तरी जुन्या दारावर नव्या पत्त्याची पाटी. जावईबापूंनी फोटो हलवले, कमांड टाइप केली. उत्तर आलं, तुम्हाला तेवढे अधिकार नाहीत.

"अहो, आईला सांगा ना पासवर्ड टाकायला. खाणार आहे का ती तुम्हाला?" बायको म्हणाली.

"काही गरज नाही! डेव्हलपर मोड नावाचं एक बटण आहे. ते चालू केलं की लिंक करायला जन्मात अ‍ॅडमिनला विचारायला नको."

बटण दाबलं. कॉम्प्युटरने अदबीने कळवलं की हे चालू करायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागेल.

बायको कपाळावर हात मारून आत गेली. पण माघार घेतील तर ते जावई कसले! त्यांनी बायकोचं नाव टाकून पाहिलं, सासऱ्यांचं टाकलं, सासूबाईंच्या आवडत्या नटाचंही टाकलं. शेवटी रागाच्या भरात स्वतःचं टाकलं. (तेही चुकीचं निघालं, याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.) अशी बरीच नावं झाली आणि सासूबाई ऑनलाइन बुद्धिबळाचा सामना खेळायला येऊन मागे उभ्या राहिल्या, तोच पडद्यावर झळकलं: चुकीचे प्रयत्न फार झाले, अ‍ॅडमिनचं खातं काही वेळ बंद.

"कोणी केलं हे?" सासूबाईंनी विचारलं. खोलीत दोघंच होते.

जावईबापूंनी सगळं कबूल केलं. पण बंद खात्यात सासूबाईंना शिरता येईना आणि सामना हातचा गेला. सासूबाई भयंकर चिडल्या. तरी खातं उघडल्यावर त्यांनीच पासवर्ड टाकून ते बटण चालू करून दिलं. "विचारलं असतंत तर चुटकीसरशी झालं असतं!"

कमांड मुकाट चालली. प्रोग्रॅमला फोटो दिसले आणि जावईबापूंचा जीव भांड्यात पडला.

"बघू तरी, कशापायी माझा सामना बुडाला," म्हणत सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. पहिल्या फोटोत फांदी होती. दुसऱ्यात फांदी. तिसऱ्यात विजेची तार.

"यात पक्षी कुठाय?"

"नुकताच उडाला होता."

"आणि यात?"

"तो... पलीकडच्या झाडावर गेला."

सासूबाईंनी शांतपणे चष्मा पुसला. "म्हणजे फांदी इथे आणि पक्षी भलतीकडेच. अहो, यालाच लिंक म्हणतात ना? मग ही तर तुम्ही वर्षानुवर्षं करताय, तेव्हा कुठे कुणाचा पासवर्ड लागला?"