अस्वलाला कुणीही लाथ मारलेली नाही

करमणूक उद्यानाच्या मुख्य दाराशी उभं राहून येणाऱ्या पाहुण्यांना हात हलवून दाखवणे, एवढंच अस्वलाचं काम होतं. अस्वल म्हणजे चाळिशी ओलांडलेला, कंबर धरलेला, घरी बायको आणि एक मुलगा असलेला माणूस. पण कामाच्या वेळेत त्याने फक्त अस्वल असावं, असा उद्यानाचा नियम होता. अस्वलाने बोलायचं नाही. अस्वलाने डोकं काढायचं नाही. अस्वलाने बसायचं नाही, कारण बसलेलं अस्वल आजारी दिसतं आणि आजारी अस्वल बघायला कुणी तिकीट काढत नाही. काहीही झालं तरी चेहऱ्यावरचं हसू ढळता कामा नये, असाही एक नियम होता. त्याची मात्र अस्वलाला काळजी नव्हती. ते हसू कारखान्यातूनच शिवून आलं होतं.

या अस्वलाला लोक लाथा मारत.

का मारत, हे विचारण्यात अर्थ नाही. माणूस एकदा तिकीट काढून आत शिरला, की आतली प्रत्येक वस्तू आपण विकत घेतली असं त्याला वाटतं, आणि विकत घेतलेली वस्तू मजबूत आहे की नाही हे तो ठोकून बघतो. बाप आधी इकडेतिकडे बघायचा, कुणी ओळखीचं नाही याची खात्री करायचा आणि पोराला म्हणायचा, "मार रे, त्याला काही लागत नाही." आई फोटो काढायची. पोर बिचकलं, तर लाथ कशी मारायची हे बाप स्वतः मारून दाखवायचा. शेपटी ओढण्याच्या बाबतीत तर शिकल्या-सवरल्या माणसांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ही माणसं वाईट होती असं नाही. संसारी होती. तिकिटाच्या खिडकीवर ती पोराला खांदे दाबून गुडघ्यात वाकवून उभं करत, कारण भिंतीवरच्या पट्टीपेक्षा बुटक्या मुलाला अर्धं तिकीट लागे. आत गेल्यावर उंच पाळण्यापाशी त्याच पोराच्या बुटात रुमाल कोंबून त्याला चवड्यांवर उभं करत, कारण पट्टीपेक्षा बुटक्या मुलाला पाळण्यात बसू देत नसत. खिडकीपासून पाळण्यापर्यंत पोर वीतभर वाढायचं. मुलांची इतकी झपाट्याने वाढ दुसऱ्या कुठल्याच उद्यानात होत नाही, असं व्यवस्थापकसाहेब पाहुण्यांना अभिमानाने सांगत.

एक दिवस डॉक्टरांनी अस्वलाची कंबर चाचपली आणि विचारलं, काम काय करता. त्याने सांगितलं, संपर्क विभागात आहे. घरीही त्याने हेच सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं, सगळा संपर्क त्याच्याशीच होत होता. डॉक्टर म्हणाले, संपर्क बसून करा, नाहीतर पुढच्या वर्षी पडून करावा लागेल.

उद्यानात बसून करायचं काम एकच होतं. मुलांच्या झुकझुक गाडीच्या चालकाचं. गाडी आपोआप गोल फिरायची, चालकाने फक्त टोपी घालून शिट्टी मारायची. जुना चालक निवृत्त झाल्यापासून ती गादीची खुर्ची रिकामी होती. अस्वलाला ती स्वप्नात दिसू लागली. शेवटी दुपारच्या सुट्टीत अस्वल आपलं डोकं काखोटीला मारून साहेबांच्या खोलीत गेलं, आणि लाथांनी कंबर मोडली, तेवढी खुर्ची द्या, म्हणालं.

साहेब अतिशय सज्जन. जन्मात कधी कुणाला नाही म्हणाले नव्हते आणि जन्मात कधी कुणाचं काम केलं नव्हतं. त्यांनी अस्वलाला समजावलं, की आपल्या उद्यानात लाथ नसते. उत्साही संपर्क असतो. शेपटी कुणी ओढत नाही, मागच्या बाजूने आपुलकी व्यक्त करतात. रांगेत घुसणं म्हणजे पुढाकार. फुलांच्या वाफ्यात पडलेले कागद आणि खरकटे पेले म्हणजे पाहुण्यांचं योगदान. 'गैरवर्तन' हा शब्द तर मुख्य कार्यालयाने गेल्याच वर्षी रद्द केला होता, आणि शब्द रद्द झाल्यापासून त्या प्रकाराची एकही घटना घडलेली नव्हती.

"काम धोक्याचं असेल तर बदली मिळते," साहेब म्हणाले. "धोका कशाने होणार? गैरवर्तनाने. ते तर आपल्याकडे नाही. पण मी अन्याय करणारा माणूस नव्हे. एका पाहुण्याने, फक्त एकाने, स्वतः येऊन सांगू दे की मी गैरवर्तन केलं. त्याच दिवशी खुर्ची तुझी. एवढी जत्रा लोटते रोज, एक मिळणार नाही तुला?"

अस्वलाला वाटलं, एकच तर पाहिजे. किती भोळं होतं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ते कातडं उतरवून साध्या कपड्यांत लोकांत मिसळलं. एक गृहस्थ बाकावर पाय पसरून बसले होते. सकाळच्या सगळ्यात जोरदार लाथेचे हेच ते मालक. बुटाला तपकिरी केस अजून चिकटलेले. अस्वलाने नम्रपणे विचारलं, की आपण मघाशी दारातल्या अस्वलाला लाथ मारलीत का. गृहस्थांनी बूट बाकाखाली घेतला. कुठलं अस्वल, म्हणाले, आम्ही तर तेव्हा कारंज्यापाशी होतो. पण इतरांना मारताना मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांना फार वाईट वाटलं होतं. लोकांना काही रीतच राहिली नाही.

मग एक सेवानिवृत्त मुख्याध्यापिका भेटल्या. त्यांच्या पर्समधून शेपटीचं टोक बाहेर लोंबत होतं. त्यांनी नागरिकशास्त्राचा अख्खा धडा तोंडपाठ ऐकवला, आजकालच्या पालकांना दोष दिला, पर्सची चेन शेपटीत अडकली तरी ओढून लावली, आणि त्याही कारंज्यापाशीच होत्या, असं निघालं. ज्याला विचारावं तो कारंज्यापाशी. आता, ते कारंजं कित्येक महिने बंद होतं. भोवती पत्र्याचं कुंपण ठोकलेलं, आत एक कुत्रं झोपायचं. पण सगळ्यांचं सांगणं एक होतं. उद्यानात येणारा यच्चयावत समाज कारंज्यापाशी उभा असे आणि लाथा मारायला कोण परके लोक येत, देव जाणे.

अस्वलाची धडपड साहेबांच्या कानावर गेली. त्यांना कळवळा आला. त्यांनी कबुली-खिडकी उघडली. जो येऊन गैरवर्तन कबूल करील त्याला एक आइस्क्रीम फुकट, असं भोंग्यावरून जाहीर झालं, आणि बघता बघता खिडकीपासून दारापर्यंत रांग लागली. अस्वलाला दारातून ती दिसत होती. कारखान्याने शिवलेल्या हसण्याच्या आत ते खरोखर हसलं.

रांगेतला प्रत्येक जण कबुली द्यायला आला होता, फक्त दुसऱ्याची. नवरा म्हणाला, हिने फुलं तोडली. बायको म्हणाली, यांनी मला तोडायला लावली. जाऊबाई जाऊबाईंच्या वतीने आल्या. एकाने आपल्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाचं गैरवर्तन कबूल केलं आणि तो माणूस आज आलेलाच नाही असं दिसल्यावर, आला असता तर केलंच असतं, असं शपथेवर सांगितलं. काही जणांनी पुढाकार घेऊन मध्ये घुसून खिडकी गाठली आणि मागचे लोक ढकलाढकली करतात, असं कबूल केलं. साहेबांनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. वाफ्यांत योगदानाचा ढीग पडला.

एवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी खिडकीशी आली. म्हणाली, "मी अस्वलाची शेपूट ओढली. मला वाईट वाटलं."

रांगेतले सगळे वळून बघू लागले. दारात अस्वलाचा हलता हात हवेतच थांबला. साहेबही गंभीर झाले, कारण आता खुर्ची द्यावी लागते की काय, असा प्रसंग आला होता. त्यांनी खिडकीतून वाकून मुलीकडे पाहिलं आणि विचारलं, हिची उंची किती. पट्टीपेक्षा बुटक्या व्यक्तीची कबुली ग्राह्य कशी धरणार? मुलीला भिंतीशी उभं केलं. बापाने झटकन पुढे होऊन तिचे खांदे दाबले. मुलगी पट्टीखाली गेली, कबुली बाद झाली, बापाने कपाळावरचा घाम पुसला आणि तोच रुमाल तिच्या बुटात कोंबत तिला उंच पाळण्याकडे घेऊन गेला.

त्या दिवसापासून अस्वलाने आशा सोडली. आणि आशा सोडलेल्या माणसाच्या घरी येतो, तसा त्याच्याही घरी मेहुणा राहायला आला.

मेहुणा काही करत नसे, म्हणून तो आपल्या सोसायटीचा अध्यक्ष होता. जिन्यात चपला काढणाऱ्यांवर त्याचा भारी दात. शिस्त या विषयावर तो जेवताना बोले, जेवल्यावर बोले आणि झोपेतही बोलत असावा. रविवारी बायकोने भावाला हौसेने उद्यान दाखवायला नेलं, मुलालाही घेतलं. नवरा संपर्क विभागात असल्याने पास होताच.

अस्वलाने त्यांना दारातून येताना पाहिलं. बोलता येत नव्हतं. त्याने दोन्ही हात हलवले, जमेल तितक्या प्रेमाने. मेहुण्याने इकडेतिकडे पाहिलं. भाच्याला म्हणाला, "बघ हं, गंमत." चार पावलं मागे गेला, धावत आला, आणि बरोबर डॉक्टरांनी चाचपली होती त्याच जागी त्याने लाथ हाणली. बायको पदर तोंडाला लावून हसली. पोटच्या पोराने टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर जे झालं ते अस्वलाने ठरवून केलं नाही. त्याचा पाय आपोआप उचलला गेला. इतकी वर्षं लाथा खाल्लेल्या माणसाला लाथ कशी मारावी, हे शिकवावं लागत नाही. अध्यक्षमहाराज हवेतून गेले आणि वाफ्यात, योगदानाच्या मऊ ढिगावर, बसल्या अवस्थेत उतरले.

काय गलका उठला म्हणून सांगावं. अस्वलाने पाहुण्याला लाथ मारली. हे कुठलं वागणं? आपण कुठे चाललो आहोत? त्या क्षणी कारंज्यापाशी एकही माणूस नव्हता. सगळे दारातच होते आणि सगळ्यांनी सगळं पाहिलं होतं.

घरी मेहुणा उशीवर बसून जेवला. अस्वलाच्या उद्दामपणाची गोष्ट त्याने पहिल्या घासापासून सांगायला घेतली. अस्वलाने मान खाली घालून ऐकून घेतली आणि मग विचारलं, "पण मेहुणे, तुम्ही त्याला आधी काही केलं नव्हतंत ना?"

"मी? दाजी, मी तर कारंज्यापाशी उभा होतो."

"पण त्याने तुम्हाला दारात मारली म्हणालात."

"ते तुम्ही अस्वलाला विचारा. मला काय विचारता?"

बायकोने भावाच्या पानात वाढता वाढता सांगितलं, "अहो, एवढे संपर्क विभागात आहात, त्या मेल्या अस्वलाला कामावरून काढायला लावा. माझा दादा आहे म्हणून गप्प बसला."

अस्वलाला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी ते डोकं काखेत घेऊन सरळ कबुली-खिडकीशी गेलं. खिडकीत साहेब होते. अस्वल म्हणालं, "मी गैरवर्तन केलं. मी लाथ मारली. आता द्या खुर्ची."

साहेबांचे डोळे भरून आले. स्वतःच्या गैरवर्तनाची, पट्टीपेक्षा उंच माणसाने दिलेली, ही उद्यानाच्या इतिहासातली पहिली कबुली. त्यांनी नियमाप्रमाणे अस्वलाला आइस्क्रीम दिलं. मग म्हणाले, "तू म्हणत होतास ते खरं निघालं बाबा. आपल्याकडे गैरवर्तन आहे. दारातलं काम धोक्याचं आहे, हेही सिद्ध झालं. पाहुण्यांना धोका आहे. तुझ्यापासून."

अस्वलाला त्याच दिवशी काढून टाकलं. दारावर पाटी लागली: पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठी नवे अस्वल नेमले आहे, ते लाथ मारत नाही. झुकझुक गाडीची खुर्ची मेहुण्याला मिळाली. उद्यानातच कंबर दुखावलेला, बसून काम करण्याची गरज असलेला दुसरा कुणी उमेदवार नव्हता.

आता तो अस्वल राहिला नाही, नुसता माणूस झाला. महिनाभर घरात बसून कंटाळला, तेव्हा बायको म्हणाली, चला, दादाच्या पासवर जाऊन येऊ, पोराला गाडीत बसवू. तो निघाला. मनाशी त्याने ठरवलं होतं, की नव्या अस्वलाला भेटायचं, हातात हात घ्यायचा आणि हळूच म्हणायचं, कंबर सांभाळ भावा.

पण दाराशी रांग मोठी होती. त्याची कंबर दुखत होती, म्हणून तो जरा पुढे घुसला. कंबर दुखणाऱ्या माणसाचं घुसणं वेगळं असतं. पोराच्या बुटात रुमाल त्याने निघतानाच घातला होता. खाऊचा कागद वाफ्यात टाकला, कारण तिथे आधीच बरेच होते.

आणि समोर अस्वल उभं होतं. हात हलवत. आतून इतकी वर्षं वागवलेलं ते हसू त्याने आज पहिल्यांदा बाहेरून पाहिलं. ते आपल्यालाच हसतंय, असं त्याला वाटलं. आपल्या नोकरीला, आपल्या कंबरेला, गादीवर बसून शिट्टी मारणाऱ्या आपल्या मेहुण्याला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं.

दुपारी बाकावर तो पाय पसरून बसला असताना एक किरकोळ अंगाचा माणूस साध्या कपड्यांत जवळ आला. एक हात कंबरेवर. नजर बुटाच्या टोकावर. काका, रागावणार नसाल तर विचारतो, म्हणाला, मघाशी दारातल्या अस्वलाला आपण...

"अस्वल?" त्याने बूट बाकाखाली घेतला. "कुठलं अस्वल? मी तर कारंज्यापाशी होतो. लोकांना काही रीतच राहिली नाही बघा."

बोलल्यावर त्याला वाटलं, निदान आता तरी जाऊन यावं, म्हणजे खोटं होणार नाही. तो उठला, पत्र्याच्या कुंपणाची फट रुंद करून आत शिरला आणि थबकला. आत पाय ठेवायला जागा नव्हती. बुटाला केस चिकटलेले ते गृहस्थ होते. मुख्याध्यापिका होत्या, पर्स छातीशी धरून. मुलीच्या बुटातला रुमाल हातात घेऊन तो बाप होता. कोरड्या कारंज्याभोवती माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती आणि बाहेरच्या लोकांच्या वागण्याबद्दल हळहळत होती. कुत्र्याला बसायला जागा उरली नव्हती. त्याला पाहून एकाने, बोलण्यात खंड पडू न देता, थोडं सरकून आपल्या शेजारी जागा करून दिली.

मन मोठं तुमचं, वाचकहो, म्हणून सरकलात.