दोन बोटं माया

विमलताई कुणाच्या तोंडाकडे पाहून बोलत नाहीत. आधी खांदे पाहतात, मग कंबर, आणि वेळ उरलाच तर चेहरा. अठरा वर्षांपूर्वी लग्न होऊन मी आमच्या भोईवाड्यातल्या बिल्डिंगमध्ये आले, तेव्हा त्यांनी माझं स्वागत "चौतीस, डावा खांदा उतरता" एवढ्याच शब्दांत केलं. नाव विचारलं तीन दिवसांनी.

तळमजल्यावरच्या खोलीत त्या ब्लाऊज शिवतात. नवरा, आमचे गौतमदादा, तेही शिंपीच. दोघांची मशीनं समोरासमोर असायची. दादांना जाऊन आठ वर्षं झाली, तरी त्यांचं मशीन आहे तिथेच आहे.

ताईंच्या मते बाई कधीच जाड होत नाही, ब्लाऊज आटतो. घट्ट झालेला ब्लाऊज लाजत लाजत पिशवीतून काढला, की त्या कापड चिमटीत धरून बघतात आणि म्हणतात, "हल्लीचं कापडच असलं. आटतंय." मग आतली माया उसवून सैल करून देतात. माया म्हणजे शिवणीत आतल्या बाजूला सोडलेलं जास्तीचं कापड. ताई प्रत्येकीला दोन बोटं माया सोडतात. माझे ब्लाऊज गेली अठरा वर्षं आटताहेत. नवऱ्याला मी हे पटवून द्यायचा प्रयत्न करते, तो पेपर वाचत राहतो.

खुद्द ताईंचं पोट मात्र आटायचं नाव घेत नव्हतं. जुळे मुलगे झाले तेव्हापासून ते पुढे लोंबत राहिलेलं. खाणं कमी केलं, सकाळी चालायला गेल्या, वजन उतरलं, पोट तिथेच. कंबर दुखायची, घडीखाली चट्टे उठायचे, आणि मशीनवर बसलं की सुईपर्यंत हात पोचवायला वाकडं व्हावं लागायचं. डॉक्टरांनी पोटाच्या ऑपरेशनचं काढलं, तेव्हा मुलं म्हणाली, आई, ह्या वयात कशाला? ताईंनी उत्तर दिलं, "मशीन आणि मी, मधे पोट. तिघांतल्या एकाला जावं लागेल. मशीन जाणार नाही."

सर्जनकडे त्यांनी मला नेलं, कारण माझं इंग्लिश चालतं. पण तिथे इंग्लिश लागलंच नाही. डॉक्टर मॅडम 'टमी टक' म्हणाल्या आणि ताईंचा चेहरा खुलला. टक्स! ब्लाऊजला छातीखाली जे चिमटे घेतात ते. जन्मभर घातलेली गोष्ट.

"पण मॅडम, दुमडलेलं कापड आत कुठे ठेवणार? टोचेल ना."

मॅडमनी कागदावर पोट काढून समजावलं. दुमडायचं काही नाही. बाळंतपणात मधले स्नायू दोन बाजूंना फाकलेत, ते दोऱ्याने जवळ आणून शिवायचे. वरची सैल कातडी खाली ओढून जास्तीची कापून टाकायची. बेंबी जागेवरच राहते, तिच्यासाठी नवं भोक पाडायचं. खाली या कमरेपासून त्या कमरेपर्यंत व्रण राहील, तो पुसट होईल पण जाणार नाही. आणि हे वजन कमी करायचं ऑपरेशन नव्हे, हेही त्यांनी बजावलं.

"वजनाचं कोण बोलतंय? मी फिटिंगचं बोलतेय," ताई म्हणाल्या. "म्हणजे अस्तराला टाके, वरचं कापड कापायचं, आणि बेंबीला नवीन काज." मग ताईंनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. "माया किती ठेवणार?"

मॅडमनी ताईंचा हात हातात घेतला. म्हणाल्या, काळजी करू नका, आमच्या सगळ्या सिस्टर फार प्रेमळ आहेत.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी माया समजावून सांगितली. मॅडम आधी खूप हसल्या, मग गंभीर होऊन म्हणाल्या, की थोडी ढील ठेवावीच लागते, फार ताणलं तर टाक्यांवर जोर येतो, म्हणून पहिले काही दिवस वाकूनच चालायचं. बाहेर आल्यावर ताईंनी निकाल दिला, "माया ठेवणारी बाई आहे. हिच्या हातात कापड द्यायला हरकत नाही."

जखम नीट भरावी म्हणून तंबाखूची मिश्री सोडावी लागली. तीस वर्षांची सवय. दोन महिने ताई नुसतंच बोट दातांवरून फिरवत बसायच्या.

ऑपरेशनच्या सकाळी मॅडमनी त्यांना उभं करून पोटावर पेनाने खुणा केल्या. ताईंनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, डावीकडे एक सूत खाली आहे. मॅडम म्हणाल्या, नसेल. ताईंनी पर्समधून स्वतःची टेप काढली. एक सूत खालीच होतं. मॅडमनी रेघ पुसून पुन्हा मारली. चौथ्या दिवशी ताई पट्टा बांधून, वाकून कॉरिडॉरमध्ये फिरत होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या नर्सना त्यांची मापं सांगत होत्या.

चौदा एप्रिलच्या जयंतीला ताई पांढऱ्या साडीत, ताठ मानेने मिरवणुकीत चालल्या. खोलीखोलीतल्या बायका विचारत होत्या, ताई, पोट कुठे गेलं? ताई म्हणाल्या, "आटलं." मला इतका अभिमान वाटला, की कापलेलं पोट जणू माझंच होतं.

पण त्याच्या चार दिवस आधीची गोष्ट सांगायची राहिली. दुपारी ताईंनी मला खाली बोलावलं आणि टेप माझ्या हातात दिली. "माझं माप घे."

मी थक्क झाले. म्हटलं, तुम्हाला माझी काय गरज?

"स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही गं. मागे टेप सरकते." मग म्हणाल्या, "हे घ्यायचे. आठ वर्षं अंदाजानेच शिवतेय."

मी त्यांच्याभोवती टेप गुंडाळली. भोईवाड्यातल्या निम्म्या बायकांना कवेत घेऊन मापलेल्या ह्या बाईच्या इतक्या जवळ आठ वर्षांत कुणी आलं नव्हतं. त्यांनी हात वर धरले होते आणि डोळे मिटले होते.

लिहायला त्यांनी दादांची वही काढली. एका पानावर दादांच्या अक्षरात वर लिहिलं होतं, 'घरचं'. खाली छाती, खांदा, कंबर बेचाळीस. आणि शेवटी, 'माया भरपूर'.

"ते खोडू नको," ताई म्हणाल्या. "त्याच्याखाली लिही."

मी लिहिलं. कंबर चौतीस. शेवटच्या ओळीशी पेन थांबलं. विचारलं, "आणि माया किती?"

ताईंनी दादांच्या मशीनकडे पाहिलं.

"ती आहे तेवढीच राहू दे."