पितळी पुंगळ्या आणि हलिमाचं खोबरेल

"तेल लावायला मला शिकवताय, साहेब?" अन्वरभाई हसले. "तेहतीस वर्षं लेथवर काढलीत. माझ्या हातचं मशीन कधी कुरकुरलं नाही!"

माणसाने एवढं बोलू नये. निदान पहिल्या दिवशी तरी नाही.

जागा आखातातल्या उम्म अल कुवैनची. तिथल्या एका परवानाधारक नेमबाजी क्लबात काडतुसं पुन्हा भरायची एक खोली होती. गोळी उडून गेली की मागे पितळी पुंगळी उरते. उडताना ती फुगते. तिला प्रेसमधल्या पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून पुन्हा मापात आणायचं, एवढंच अन्वरभाईंचं काम. पुढची दारू आणि गोळी भरायची ती गुणवंत सबनीस साहेबांनी. साहेब पुण्याचे. परवाना त्यांचा, खोली त्यांची आणि आजच्या ट्रायलचा निकालही त्यांचाच.

अन्वरभाईंना हे काम हवं होतं. पगारासाठी नव्हे. बायको हलिमा वारल्यापासून जवळच्या शहरात, रोल्लाच्या फ्लॅटमध्ये दिवसभर बसवत नव्हतं. फ्रीज घरघरला तरी वाटायचं, ती किचनमध्ये आहे. मुलगी इन्शा म्हणायची, "अब्बा, आता आराम करा ना!" आरामच तर अंगावर येत होता. सकाळी उठून कुठेतरी जायला हवं होतं, बस्स.

"डायमध्ये कोरडी पुंगळी घातली की ती अडकते," साहेब सांगत होते. "म्हणून हे वंगण. बाहेरून पातळ हात फिरवायचा. खांद्याला, म्हणजे तोंडाजवळच्या उताराला, नाही लावायचं. आणि लावल्यावर पाच मिनिटं वाळू द्यायचं. कळलं?"

"कळलं, साहेब!"

साहेब मीटिंगला गेले. अन्वरभाईंनी स्प्रेच्या बाटलीकडे बघितलं. एवढीशी बाटली! पातळ हात म्हणे! लग्नातल्या बिर्याणीत कोणी मोजून तूप घालतं का? त्यांनी पुंगळ्यांचा ट्रे पुढ्यात ओढला आणि फवारा सोडला. पुंगळ्या न्हाल्या. ट्रेमध्ये तळं साचलं. पाच मिनिटं थांबायला इथे कुणाला वेळ होता? यल्ला, चल, टाक प्रेसमध्ये!

पुंगळ्या सरसर आत गेल्या, सरसर बाहेर आल्या. अन्वरभाई खूश! साहेब परत आले, त्यांनी एक पुंगळी उजेडात धरली आणि कपाळाला हात लावला.

"अन्वरभाई, ही खळी कसली?"

खांद्याला खरंच खळी पडली होती. दुसरीलाही. सगळ्या ट्रेलाच. बाळाच्या गालाला खळी शोभते, पुंगळीला नाही.

"तेल दबत नाही हो! डायमध्ये त्याला जायला जागा मिळाली नाही की पितळ दबतं. हे सगळं भंगार!" साहेबांनी दुसरा ट्रे ठेवला. "हा शेवटचा. जेवून येतो. हा नीट निघाला तर उद्यापासून या. नाही तर सॉरी, खलास."

साहेब गेले. अन्वरभाईंनी बाटली दाबली. फुस्स! पुन्हा दाबली. फुस्ससुद्धा नाही. सगळं वंगण पहिल्याच ट्रेने पिऊन टाकलं होतं.

आता साहेबांना फोन करून सांगायचं? पहिल्याच दिवशी? त्यापेक्षा समुद्रात उडी मारलेली बरी! तेवढ्यात त्यांचा हात आपल्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात गेला. तिथे खोबरेलाची बाटली होती. श्रीवर्धनच्या घाण्यावरचं तेल. हलिमाने ठेवली तशीच होती, ती गेल्यापासून झाकण उघडलेलं नव्हतं. अन्वरभाईंनी ती बाहेर काढली. मग पुटपुटले, "हलिमा, आज तूच वाचव." आणि झाकण फिरवलं.

या वेळी त्यांनी साहेबांचं अक्षरन् अक्षर पाळलं. पातळ हात. खांदा कोरडा. पाच मिनिटं विश्रांती. फक्त एक गोष्ट लक्षात आली नाही. त्या खोलीतला एसी असा चालायचा की पेंग्विनने स्वेटर मागावा! आणि थंडीत खोबरेल काय करतं, हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असतं. पाच मिनिटांत तेल थिजलं. पुंगळ्यांच्या अंगावर इथे पांढरा गोळा, तिथे ठणठणीत कोरडं.

पहिली पुंगळी आत गेली. खट्ट! आणि तिथेच बसली. अन्वरभाईंनी दांडा वर ओढला. पुंगळी हलेना. दांड्याला लोंबकळले. शेवटी पुंगळीच्या बुडाची कड तुटून खाली पडली आणि बाकीची पुंगळी आतच ठाण मांडून बसली!

नेमके साहेब दारात.

"अडकली, साहेब!" अन्वरभाई ओरडले. "आतच अडकली!"

त्याच वेळी बाकावरचा फोन वाजला. इन्शा रोज जेवणाच्या सुट्टीत करायची. अन्वरभाईंनी कट करायला तेलकट अंगठा फिरवला. कॉल कट झाला नाही, चालू झाला! पुन्हा अंगठा मारला तर फोन माशासारखा सुळकन निसटला आणि कपाटाखाली गेला.

आता इन्शाला रोल्लातल्या ऑफिसात काय ऐकू आलं, ते बघा.

"निघत नाहीये! खोल रुतलीय!"

"हलू नका, मी ड्रिल आणतो!"

"या अल्लाह!"

"मधोमध भोक पाडू. मग पकडून ओढू."

"दुखणार नाही ना, साहेब?" हे अन्वरभाईंनी डायबद्दल काळजीने विचारलं होतं. लेथवाला माणूस, पोलादाला दुखेल म्हणून त्याचा जीव जातो.

घर्रर्र!

इन्शा किंचाळली. अब्बा कुठे कामाला गेलेत? नेमबाजी क्लबात! काय रुतलं असणार? तिने गाडी काढली, वाटेत शेजारच्या मरियमबींना उचललं आणि सुसाट निघाली. मरियमबी मांडीवर झमझमच्या पवित्र पाण्याची बाटली घेऊन दुआ पुटपुटत होत्या. गेटवर इन्शाने काच खाली केली आणि वॉचमनला सांगितलं, "मेरे अब्बा को गोली लगी है!" वॉचमनने शिट्टी फुंकली. नेमबाजीची रेंज बंद झाली. फर्स्ट एडवाले स्ट्रेचर घेऊन धावले. पाठोपाठ कॅन्टीनवाला, दोन नेमबाज आणि उगाचच एक माळी.

इकडे आत अन्वरभाई आपल्या धंद्यावर आले होते. पुंगळीच्या बुडात सरळ भोक पाडलं, त्यात आटे पाडले, बोल्ट बसवला आणि पान्याने हळूहळू ओढायला लागले. अर्धा तास गेला, पण तीळभरसुद्धा घाई नाही. साहेब श्वास रोखून बघत होते.

टप्प! पुंगळी बाहेर. डायला ओरखडाही नाही!

"निघाली!" साहेब ओरडले आणि तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"अब्बा!" इन्शाने त्यांना पाठीपासून पोटापर्यंत चाचपलं. "कुठे लागली? दाखवा!"

"काय लागली?"

"गोळी!"

"अगं, गोळी कुठली? रिकामी पुंगळी होती. मशीनमध्ये अडकलेली!"

स्ट्रेचरवाले एकमेकांकडे बघायला लागले. मरियमबींनी दुआ अर्ध्यावर थांबवली आणि झमझमचा घोट स्वतःच घेतला. इन्शा मटकन खुर्चीत बसली. मग तिने नाक वर करून वास घेतला.

"अम्मीचं तेल?" तिने विचारलं.

अन्वरभाईंनी मान हलवली. इन्शा आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम. अन्वरभाईंचंही तेच झालं. छातीवरचा दगड कुणीतरी पान्यानेच ओढून काढल्यासारखं वाटलं.

"खोबरेल?" साहेबांनी ट्रे पुढे ओढला. "एसीमध्ये खोबरेल? अहो, बाटली संपली तर सांगायचं ना! माझ्या पहिल्या महिन्यात दोन अडकल्या होत्या. आणि मला तर डाय फेकून द्यायला लागली."

"म्हणजे माझं खलास का, साहेब?"

"छे! अशी सफाईने काढणारा माणूस मी सोडतोय होय? उद्या सकाळी या."

इन्शाने तोंड उघडलं. अब्बांचा चेहरा बघितला आणि मिटलं. "मी सोडते गाडीने," एवढंच म्हणाली.

"पण एक अट," साहेबांनी बोट उगारलं. "उद्यापासून डोक्याला तेल लावून यायचं नाही आणि बॅगेतही आणायचं नाही!"

अन्वरभाईंनी हळूच टोपी काढली. डोकं डायसारखं गुळगुळीत. औषधालाही केस नाही!

साहेबांनी खोबरेलाची बाटली उचलली. "मग हे तेल कशाला बाळगता?"

"तिने केस असताना ही बाटली बॅगेत भरायला सुरुवात केली होती, साहेब," अन्वरभाई टोपी घालत म्हणाले. "मधे केस गेले, पण आता तेल नको, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही."